गाडीतली सात इंची स्क्रीन

आमच्या यांनी गाडीत कॉम्प्युटर बसवला होता. विकतचा नाही, घरी केलेला. पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी, ती पत्र्याच्या डब्यात आणि डबा सीटखाली. आरशामागे बोटभर कॅमेरा, छताला हरभऱ्याएवढा माईक. हे अमरावतीच्या वीज उपकेंद्रात होते, त्यामुळे वायरींचं काम एकदम चोख. कुठे एक टोक लोंबताना दिसायचं नाही. सगळं तयार होतं, स्क्रीन तेवढी नव्हती.

"आता सारं भरून राहिलं त्याच्यात," हे म्हणाले. "रस्ता, आपलं बोलणं, सारं. फक्त पाहाले स्क्रीन पाह्यजे."

"मग घ्या ना एक. कोणाची वाट पाहून राहिले?"

"पाहतो."

हे 'पाहतो' दोन वर्षं चाललं. मला पाहायला आले तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता या माणसानं, आणि स्क्रीनसाठी दोन वर्षं! पाच इंची फार लहान, चष्मा लावूनही कळणार नाही. दहा इंची लावली तर एसीची जाळी झाकली जाते, आणि अकोल्याच्या मे महिन्यात एसी झाकायचा म्हणजे जिवंतपणी भट्टीत बसायचं. सात इंची बरी, पण कोणती? चकचकीत काचेची घेतली तर दुपारी तिच्यात रस्ता दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. मॅट घेतली तर रंग फिके. बोटानं चालणारी घ्यावी की बटणांची? सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलेलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून यांनी तीन मापांचे तीन तुकडे केले आणि एकेक तुकडा डॅशबोर्डला चिकटवून महिना महिना गाडी चालवली. मी शेजारी बसून टोमणे मारायची. "काय लागलं आज पुठ्ठ्यावर? सिनेमा का बातम्या?" हे नुसते हसायचे. शेवटी सात इंची ठरली आणि तो पुठ्ठा तिथेच राहिला.

चैत्रात हे गेले. ड्युटीवर, खुर्चीत बसल्या बसल्या. चहा मागवला होता, तो येईपर्यंत.

मी रडले नाही. बायका वाट पाहत होत्या, एकमेकींना खुणावत होत्या, एकीनं तर मला गदगदा हलवून पाहिलं. पण मला काही होतच नव्हतं. भाकरी समोर आली की खायची, पाणी आलं की प्यायचं. शाळेत लिपिक आहे मी. तेराव्यानंतर कामावर रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी दाखल्यांचा गठ्ठा उरकून टाकला. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, तुमची कमाल आहे. कमाल कशाची? हात चालत होते, एवढंच. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात मला विचारणारंही कोणी नव्हतं.

सासूबाई अकोल्याला राहतात. एकट्या, स्वतःच्या घरात, आणि कोणाचं ऐकणार नाहीत अशा. आम्ही दोघं दर शनिवारी गाडीनं त्यांच्याकडे जायचो आणि रविवारी परत यायचो. हे गेल्यावर त्या आठ-दहा दिवस भिंतीला टेकून बसून होत्या. चौदाव्या दिवशी मला ते सुचलं. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "आई, गाडीत यांचा आवाज आहे."

"काय म्हनतं?"

"तो डबा नाही का सीटखाली, त्याच्यात बोललेलं भरते. स्क्रीन लावली की पाहता येईल, ऐकता येईल."

त्या सरळ बसल्या. "फाल्गुनात मले डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं त्यानं. तवा मी मागं बसली होती. सारा रस्ताभर बोलला माह्यासंग. थे असन का त्याच्यात?"

"असेल. सगळंच असते."

"माय म्हनलं होतं त्यानं मले," सासूबाई म्हणाल्या. "चार-पाच खेपा म्हनलं. मले तेवढंच ऐका लागते."

मी म्हटलं, उद्याच स्क्रीन आणते. त्यावर त्यांनी माझा हात धरला. "आत्ता नोको. वर्ष पाळा लागते व. वर्ष होईस्तोर घरात नवी वस्तू येत नाई. त्याचं वर्षश्राद्ध होऊ दे, मंग आनजो. मी थांबीन तोवर."

आमच्याकडे हे कडक आहे. वर्षाचं सुतक म्हणजे नवी साडी नाही, सण नाही, टीव्ही नाही, नवं भांडंसुद्धा नाही. शेजारच्या घरात असंच वर्ष पाळताना फुटक्या माठाला मेण लावून लावून उन्हाळा काढलेला मी पाहिलेला आहे. मी हो म्हटलं.

आणि खरं सांगते, तो नियम मला सोयीचा वाटला. आवाज ऐकला आणि तरीही मला काही झालं नाही तर? लोक म्हणायचे, आत साचलंय तिच्या, एक दिवस बाहेर येईल. मला भीती होती की आत काही साचलेलंच नाही. वर्षभराची मुदत मिळाली तर बरंच होतं. या वर्षात मी एखाद्या जाणत्या माणसाला नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. विचारायला कोण मनाई करतं? पण मला कोणाला काही विचारावंसंच वाटत नव्हतं.

मग शनिवार सुरू झाले. गाडी मला येत होती, हायवेला घ्यायची सवय नव्हती, ती झाली. बडनेरा सुटलं की सरळ रस्ता, मूर्तिजापूरला एक चहा, तिथून अकोला. समोर सात इंचांचा पुठ्ठा. मी रेडिओ लावत नव्हते, आवाज नको म्हणून नाही, लावायचं लक्षातच येत नव्हतं. कधी कधी अकोल्याचा उड्डाणपूल यायचा आणि मला मूर्तिजापूर गेलेलं आठवायचं नाही. गाडी कोणी चालवली देव जाणे.

दारात उभ्या राहून सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "डबा बरोबर आहे ना? उन्हानं बिघडन तं नाई?"

"नाही बिघडत, आई."

"कडुनिंबाखाली लाव गाडी. सावलीत लाव."

मी सावलीत लावायची. मंगळवारी शाळेतून आल्यावर अर्धा तास गाडी सुरू करून ठेवायची, बॅटरी उतरू नये म्हणून. उतरली आणि डब्यातलं गेलं तर? यांची वहीही काढून वाचली. स्क्रीनची पानं मला पाठ झाली. पुढच्या पानांवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते, ती उलटून टाकली. दिवाळी आली, गेली. आमच्याकडे पणती नव्हती. संक्रांतीला सासूबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, "आता तीन महिने." पोर शाळेच्या सुट्टीचे दिवस मोजते तशा त्या मोजायच्या. मी मोजत नव्हते, पण त्या मोजतात हे मला बरं वाटायचं. निदान एका जणीला तरी काहीतरी हवं होतं.

वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण जेवून गेले, भांडी घासून झाली, आणि सासूबाई म्हणाल्या, "जाय आता."

अकोल्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत गाड्यांचे डेक बसवणारे एक मिस्त्री आहेत. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, हे त्यांच्याकडे तासन्‌तास बसायचे. मला पाहून ते उठून उभे राहिले. "या भाभी. साहेबाचं ऐकलं तवा लय वाईट वाटलं. किती खेपा म्हटलं त्याइले, साहेब, घेऊन टाका एक. साहेब म्हणे, पाहतो."

मी म्हटलं, "आता मी पाहते."

त्यांनी सात इंची तीन काढल्या. मी वहीतलं सगळं विचारायला लागले, मॅट का, उजेड किती, तर मिस्त्री म्हणाले, "कागद राहू द्या भाभी. पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल, असं नाही करत आपण." गाडी उन्हात उभी होती. त्यांनी बोनेटवर पेपर अंथरला, तिन्ही स्क्रीन त्यावर मांडल्या, वायरी जोडल्या आणि मला दुकानात कूलरसमोर बसवलं. "अर्धा तास. अकोल्याचं ऊन सांगीन कोणती घ्याची थे."

अर्ध्या तासानं बाहेर आलो. पहिली स्क्रीन काळी पडली होती, तव्यासारखी. दुसरीत नुसतं पांढरं आभाळ आणि माझा चेहरा. तिसरी थोडी फिकी होती, पण तिच्यातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दोन वर्षं या माणसानं ज्याच्यासाठी वही भरली ते मिस्त्रींनी अर्ध्या तासात ठरवलं. मला हसू आलं. हे असते तर म्हणाले असते, आणखी एकदा जूनमध्ये पाहू.

मिस्त्रींनी पुठ्ठा काढला, तिथे स्क्रीन बसवली, वायर खाली डब्यापर्यंत नेली. मी शेजारच्या सीटवर बसले. 

"कोठून लावू?"

"सगळ्यात पहिलं. जुन्यात जुनं असेल ते."

स्क्रीनवर रस्ता आला. मूर्तिजापूरच्या अलीकडचा, हरभऱ्याची सोंगणी चाललेली. गाडीचा आवाज येत होता, टायरचा, वाऱ्याचा. बोलणं नव्हतं. मी वाट पाहिली. एक ट्रक गेला. मग स्क्रीनमध्ये टोलनाका आला आणि काच खाली झाली आणि एका बाईचा आवाज आला, "सुटे नाहीत." तो माझा आवाज होता.

"हे नाही मिस्त्री. याच्या आधीचं लावा."

त्यांनी खाली-वर करून पाहिलं. "हेच पहिलं हाय भाभी. याच्या आंधी काही नाई."

"नाही कसं? तीन वर्षं भरून राहिलं ते."

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मी उलटून टाकलेली पानं काढली आणि बोट ठेवलं. "साहेबानं बराबर केलं हाय. गाडी चालू असली का हे भरत राहते, अन् डब्यातलं कार्ड भरलं का जुनं आपोआप निघून जाते, त्याच्या जागी नवं बसते. नाई तं मशीनच बंद पडन ना. दोन-अडीच महिन्याचं राहते याच्यात. तेवढंच."

मी हिशेब केला. चैत्रात हे गेले. म्हणजे आषाढापर्यंत यांचा आवाज गाडीत होता. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाताना मागच्या सीटशी बोललेलं सगळं होतं. मग मी दर शनिवारी अमरावतीहून निघायची आणि अकोल्याला पोचेपर्यंत दोन तासांचे हे काढून टाकायची. रविवारी परत जाताना आणखी दोन तासांचे. मंगळवारी, बॅटरी उतरू नये म्हणून, अर्ध्या तासाचे. सासूबाई दारात विचारायच्या, डबा बरोबर आहे ना, आणि मी म्हणायची, बरोबर आहे. यांच्या जागी मी काय भरलं होतं? मिस्त्रींनी चार-पाच ठिकाणी लावून पाहिलं. सगळीकडे रस्ता आणि टायर.

"तुमी तं याच्यात काहीच बोलत नाई भाभी," ते म्हणाले.

"मी आधी आले असते तर? आखाडाच्या आधी?"

"तं सारं भेटलं असतं." मग त्यांनी सहज, माझं मन राखायला म्हणून सांगितलं, "अन् तवा स्क्रीन घ्याचीबी गरज नव्हती. घरच्या टीव्हीच्या मागं हीच वायर बसते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना. अमरावतीच्या घरी टीव्ही, अकोल्याच्या घरी टीव्ही, दोन्ही वर्षभर चादर घालून झाकलेले.

तेव्हा मला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा काही आलं ते हे. सासूबाईंचा राग आला, त्यांच्या वर्षाचा आला. यांचा आला, की एवढं सगळं बोलला माणूस, पुठ्ठे कापले, आणि ही एक गोष्ट तोंडानं सांगितली नाही. सगळ्यात जास्त माझा आला. मी डॅशबोर्डवर मूठ आपटली. मिस्त्री दचकले आणि पाणी आणायला गेले. पाणी येईपर्यंत राग निघूनही गेला होता. मी पाणी प्यायले, स्क्रीन राहू द्या म्हटलं, आणि निघाले.

घरापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. मी कडुनिंबाखाली गाडी लावली. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. वर्ष संपलं होतं, आता चालत होतं. त्यांनी केस नीट विंचरले होते. गाडीजवळ येऊन काचेतून आत पाहिलं, आणि मी दार उघडायच्या आत विचारलं, "माय म्हनलं का त्यानं?"

मला खरं सांगता आलं असतं. होतं आई, तुम्ही वर्ष थांबा म्हणालात तेवढ्यात गेलं. एवढंच वाक्य. ऐंशी वर्षांची बाई, ते वाक्य घेऊन ती त्या घरात एकटी राहिली असती.

"नाही आई," मी म्हटलं. "भरलंच नव्हतं त्याच्यात काही. यांनी ते चालूच केलं नव्हतं. नुसता डबा बसवून ठेवला होता."

त्यांनी परत एकदा आत स्क्रीनकडे पाहिलं. मग पदरानं डोळे टिपले आणि त्यांना हसूही आलं. "असाच होता व तो. एक काम कधी पुरं केलं नाई त्यानं."

"हव, आई," मी म्हटलं.

ते काम यांनी पुरं केलेलं होतं. चोख केलं होतं, आणि फाल्गुनात यांनी चार-पाच वेळा माय म्हटलं होतं.