बारा सेकंद

आज सकाळी चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल हिरवा झाला, तेव्हा मी आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक अनोळखी आजी एकदमच निघालो. निम्मा रस्ता झाला आणि हिरवा माणूस विझला.

"पळा की आजोबा!" रिक्षावाला ओरडला.

"तूच ये, दोघांना उचलून ने," आजी म्हणाल्या. दुभाजकाला टेकून त्या माझ्याकडे वळल्या. "कुणा मेल्याने लावलाय हो हा सिग्नल?"

पालिकेत असताना तो मीच लावला होता. तेव्हा चाळिशीही आली नव्हती. हातात घड्याळ घेऊन मी झपाझप रस्ता ओलांडला. बारा सेकंद लागले, तेवढेच ठेवले. माणूस जग आपल्या पावलांनी मोजतो आणि ती पावलं तशीच राहतील असं समजतो.

पुढे इथेच एक म्हातारे गृहस्थ ट्रकखाली गेले. अहवालात मी लिहिलं, 'पादचाऱ्याने सिग्नल मोडला.' ते खोटं होतं. ते गृहस्थ हिरव्यातच निघाले होते. वेळच पुरला नाही. ठपका त्यांच्यावर राहिला, मी निवृत्त झालो.

आजी अजून उत्तराची वाट पाहत होत्या.

"मी लावलाय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या काठीकडे पाहिलं. पुन्हा हिरवा लागला, पण आम्ही दोघंही हललो नाही.