तुळस कंपनीचा शिक्का

सुचित्राने शिक्क्याला कुंकू लावलं ते अगदी मनापासून लावलं. चुकलं एवढंच, की कुठे लावायचं याचा विचार केला नाही.

सुचित्रा मूळची मिरजेची, पेशाने नर्स. नवरा विनय सॉफ्टवेअरमधला. त्याच्या नोकरीपायी सोळा वर्षांपूर्वी टोकियोत, हिगाशी-कसाईला आली. जपानी शिकली, इथल्या नर्सिंगच्या परीक्षेत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली आणि एका छोट्या संस्थेत लागली. काम घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचं. सायकलच्या टोपलीत ड्रेसिंगची पिशवी आणि दिवसाला पाच घरं. त्यातलं एक कितामुरांचं.

कितामुरा आजोबा शिक्के कोरायचे. या देशात मोठ्या कामाला सहीपेक्षा शिक्क्याला मान. आजोबांचं शेवटचं दुखणं सुचित्राने घरीच काढलं. त्याच सुमारास संस्थेच्या मालकीणबाईंनी जाहीर केलं, की वय झालं, मार्चअखेर आपण गाशा गुंडाळणार. तेवीस घरं उघड्यावर पडणार होती. अशी सेवा चालवायला एकट्या नर्सला परवानगी नाही, आधी कंपनी काढावी लागते. आणि नियमाप्रमाणे किमान अडीच नर्स लागतात. "अर्धी कुठून आणू?" असं म्हणून सुचित्रा विषय उडवून लावायची.

एका दुपारी आजोबांनी नुसतं विचारलं, "काढलीच कंपनी, तर नाव काय ठेवाल?"

बाल्कनीतल्या कुंडीत दोन हिवाळे जगवलेली तुळस तिच्या डोळ्यांपुढे आली. "तुळस," ती सहज बोलून गेली.

त्यानंतर अकरा दिवस आजोबा उशीला टेकून, थरथरत्या हातांनी, न निघालेल्या कंपनीचा लाकडी शिक्का कोरत बसले. तो त्यांचा शेवटचा. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, कितामुरा आजींनी, तो रेशमी पिशवीत घालून सुचित्राच्या हातात दिला. आता माघार घ्यायला तोंड उरलं नव्हतं.

एकदा मनावर घेतल्यावर माणसं कुठून कुठून उभी राहिली. एक जुनी सहकारीण पूर्ण वेळ यायला तयार झाली. अर्ध्या नर्सचा प्रश्न खुद्द मालकीणबाईंनी सोडवला, म्हणाल्या, "अर्धा दिवस मीच येते, घरी बसून करू काय?" कंपनीचा मसुदा विनयने चार रविवार घालून पुरा केला. अमेरिकेत जिला एलएलसी म्हणतात, तसलीच ही, छोट्या धंद्याला सोयीची. एवढ्या परक्या माणसांनी आपल्यासाठी एवढं करावं, याने सुचित्राला राहून राहून भरून यायचं.

कंपनीच्या नोंदणीचा अर्ज द्यायच्या दिवशी सकाळी तिने शिक्का देवापुढे ठेवला. कुंकू तेलात कालवलं आणि जिथे नाव कोरलं होतं, बरोबर तिथेच बोट दाबलं. मग तोच शिक्का लाल शाईत बुडवून कागदावर उमटवला. लालात लाल मिसळलं, कोणाच्या लक्षात येणार?

नोंदणी कार्यालयातल्या माणसाच्या आलं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. अतिशय नम्रपणे तो म्हणाला, की ठसा अस्पष्ट आहे, अक्षरं भरून गेली आहेत, परवापर्यंत दुरुस्ती करून द्या. परवाचा दिवस हुकला तर सेवेची परवानगी महिनाभर लांबणार. आणि कितामुरा आजींच्या मुलाने योकोहामाच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. आजींच्या पायाच्या जखमेकडे रोज बघणारी नर्स नसेल, तर एक एप्रिललाच तो आईला घेऊन जाणार होता. आजींना ते घर सोडायचं नव्हतं.

तिने टूथब्रशने घासून पाहिलं. कुंकू बारीक रेघांत चिकटून बसलं होतं, आणि सुई लावायला हात धजेना.

विनय म्हणाला, "अगं, स्टेशनजवळ मशीनवर तासाभरात नवा करून देतात. एवढं काय टेन्शन घेतेस?"

"नवा मिळेल रे. आजोबांचा नाही मिळणार."

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेल्यावर तिने मान खाली घालून आजींना सगळं सांगितलं. आजींनी शिक्का उजेडात धरला, वास घेतला.

"हे काय आहे?"

"आमच्याकडे नव्या वस्तूला लावतात. मान म्हणून."

आजींनी नवऱ्याची हत्यारांची पेटी मागवली. सुचित्रा त्यांच्या पायाला पट्टी बांधत होती आणि आजी बारीक कुंचल्याने, मग टोकदार काडीने, एकेक रेघ मोकळी करत होत्या. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आजोबा कोरायचे, त्या साफ करायच्या. तासाभराने त्यांनी कोऱ्या कागदावर ठसा उमटवला. रेघ न् रेघ स्वच्छ. सुचित्राचा जीव भांड्यात पडला.

"मान तोंडावर का दिलात, सुचित्रा-सान?" आजी हसून म्हणाल्या. "तुमच्या लोकांत तो कपाळावर देतात ना? मी पाहिलंय तुमच्या कपाळावर. याचंही डोकं या बाजूला आहे." आणि त्यांनी शिक्का उलटा करून वरचं टोक दाखवलं.

दुरुस्ती वेळेत पोचली, परवानगी आली. एक एप्रिलला तुळस कंपनीचं पहिलं घर कितामुरांचं होतं. करारावर सुचित्राने आजोबांचा शिक्का उमटवला. त्याच्या डोक्यावर या वेळी कुंकवाचा ठिपका होता. आजींनी आपला शिक्का शेजारी उमटवला आणि मग चेहरा पुढे केला.

"मलाही द्या ना तो मान."

डबी उघडली आणि सुचित्राचं बोट क्षणभर अडलं. आजींचा नवरा जाऊन सहा महिने झाले होते. मग तिचं तिलाच वाईट वाटलं, आणि तिने आजींच्या सुरकुतलेल्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. आजींनी आरशात पाहिलं, आजोबांच्या फोटोकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून खोल वाकल्या.

मिरजेला सुचित्राची आई एकटी असते. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तिचं कपाळ कोरं. दर वर्षी घरी गेल्यावर सुचित्रा तिच्यासाठी साडी नेते, औषधं नेते. हळदी-कुंकवाची डबी मात्र कधी तिच्यापुढे धरली नव्हती. कितामुरांच्या घरून खाली येऊन तिने सायकलचं कुलूप काढलं नाही. आधी आईला फोन लावला.

"आई, मेमध्ये येतेय मी," ती म्हणाली. "माझ्या कंपनीचं पहिलं कुंकू एका आजींना लावलं. दुसरं तुला लावायचंय. नाही म्हणू नकोस."

आई म्हणाली, "लवकर ये."