कुवेतचं स्थळ

युरोपचा इतिहास राजघराण्यांतल्या लग्नांनी घडवला. परवा इथे आखातात, मुहर्रकला एका जुन्या दुकानात जर्मन ड्यूकांच्या लेकीसुनांवरचं पुस्तक उघडलं आणि त्याच्या कुबट वासानं मला हूरा वस्तीतल्या माझ्या जुन्या खोलीत नेलं.

माझी रूममेट फिलू, वसईची नर्स, कुवेतच्या स्थळाचा फोटो घेऊन बसली होती. मुलाला भेटलेली नव्हती आणि संध्याकाळी वडिलांना उत्तर द्यायचं होतं. धीर द्यायला मी असंच पुस्तक वाचून दाखवलं: राजकन्येचं आधी चित्र जायचं, मग नवऱ्याऐवजी भलताच माणूस उभा करून लग्न लागायचं.

"का गं, त्याला लीव मिळत नव्हती?"

मग तिनं कुवेतला फोन लावून फक्त लीव विचारली. तेव्हा मला ती रुक्ष वाटली. आता शहाणी वाटते.

दोघांची लीव नाताळानंतर जुळत होती. तिनं होकार कळवला.