आठ जणींचा तंबू

आमच्या शाळेच्या दिवसांतल्या मुलींच्या पथकातलं आता हाताशी काय उरलंय, तर एक तंबू आणि दोन म्हाताऱ्या. त्यातल्या त्यात तंबूची प्रकृती बरी आहे.

इतकी वर्षं तो लालबागला आमच्या खोलीच्या माळ्यावर होता. आता चाळ पाडायची आहे आणि जिथे तात्पुरतं राहायला जायचं त्या खोलीला माळा नाही. मुलगा म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाक ना." मी त्याच्याकडे असं काही बघितलं की चहा अर्धा टाकून तो कामावर गेला. वाट काढली ती नातीने. तिच्या कॉलेजातली काही मुलं गिरणगावातल्या जुन्या वस्तू आणि आठवणी जमवतात. परळला त्यांना त्यासाठी एक खोलीही मिळाली आहे. ती म्हणाली, तंबू आम्ही ठेवून घेतो, पण घडी घातलेलं कापड बघून कुणाला काय कळणार? एकदा उभारून दाखवा, आम्ही शूट करतो. म्हणजे तुमचं पथक कसं काम करायचं ते तरी राहील.

मी म्हटलं, "हात्तिच्या! त्यात काय!"

हे 'त्यात काय' माझं जुनं दुखणं. सोळाव्या वर्षी मी पथकाची नायिका होते. दोन वेण्या, गळ्यात शिट्टी आणि चेहऱ्यावर भाव असा की पानिपतावर मी असते तर निकाल वेगळा लागला असता. आमच्यात गिरणीकामगारांच्या मुली होत्या, गिरगावातल्या मास्तरांच्या होत्या, खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती घरांतल्या होत्या. सुट्टीत कर्जतच्या पुढे नदीकाठी शिबिर असायचं. घरी एका खोलीत दहा माणसांत झोपणाऱ्या पोरी आम्ही, तंबूत आठच जणी म्हणजे आम्हाला ऐसपैस वाटायचं. दुसऱ्या पथकांशी तंबू उभारायची शर्यत लागायची आणि ती आम्हीच जिंकायचो. कारण नायिकाबाईंनी, म्हणजे मी, प्रत्येकीला तिची जागा नेमून दिली होती. आपलं काम सोडून दुसरीकडे बघायचं नाही असा माझा दंडक होता. कुणाची मान वळली की मी खेकसायचे.

तर परवाच्या रविवारी परळला एका शाळेच्या मैदानात आम्ही जमलो. बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक, एका कोपऱ्यात तेवढी माती शिल्लक होती. खोताच्या वाडीतून माझी मैत्रीण टॅक्सीने आली. पथकातला पुढचा खांब ती धरायची. उतरताच म्हणाली, "काय गं, तंबू उचलायचाय की आपल्याला?" बाकीच्या सहा जणींत बहुतेक वर गेल्या, एक अमेरिकेत आहे, तिचा पत्ता नाही. एकीला मी फोन केला होता. ती मला आपली धाकटी जाऊ समजून कसल्याशा बांगड्यांवरून माझ्याशी भांडली.

मुलांनी कॅमेरा लावला. नात म्हणाली, "आजी, चला."

मी "तय्यार!" म्हणून ओरडले. आवाज कुकरच्या शिट्टीसारखा निघाला. मैत्रिणीने काठी बाजूला ठेवून खांब धरला. दोन मुलांनी कापड उचललं आणि सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. मी मैत्रिणीकडे बघितलं.

"पुढे काय?" मी विचारलं.

"पुढे तू शिट्टी वाजवायचीस."

"ते झालं समज. मग?"

"मग आम्ही काम करायचो, बाय. तू घड्याळात बघायचीस."

पोरं हसली. मीही हसले.

"अगं, बाकीच्यांना दोर बांधताना तू बघितलं असशील ना?"

"कधी बघू? मान वळली की तू अंगावर यायचीस. मला हा खांब ठाऊक. मागे काय चालायचं ते त्या मागच्यांना ठाऊक."

मागच्या आता कुठून आणणार! मग आम्ही अंदाजाने सुरुवात केली. हा दोर इकडे ओढ, ती खुंटी तिकडे ठोक. खांब उभा राहायचा, कापड एका बाजूला झुकायचं आणि सगळंच खाली बसायचं. एकदा तर मैत्रीण कापडाखाली सापडली. आतून तिचा आवाज आला, "नायिकाबाई, जिंकलो का गो आपण?"

शेवटी एका मुलाने मोबाईलवर व्हिडिओ शोधला. कुठल्या तरी परदेशातला दोन खांबांचा तंबू, थोडाफार आमच्यासारखा. तो बघून पोरांनी बघता बघता आमचा उभा केला. पोरं हुशार आहेत, त्यांना काही म्हणायचं नाही.

मी त्याच्याभोवती फिरले. हा आमचा तंबू नव्हता. आमचा असा पोट सोडून बसत नसे. काहीतरी चुकलं होतं एवढं समजत होतं, पण काय, ते सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यासमोर उभी राहून मी हुकूम सोडले, त्याच्याकडे मी नीट बघितलंच नव्हतं की काय!

नातीने कॅमेरा माझ्या तोंडासमोर आणला. "आजी, असाच असायचा ना? एकच वाक्य बोल."

मैत्रीण फ्रॉकवरची माती झटकत होती. हळूच म्हणाली, "नाही म्हण. पण मग विचारतील, कसा?"

मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "असाच."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता त्या खोलीत तो असाच उभा राहणार, शेजारच्या पडद्यावर माझं तोंड 'असाच' म्हणत राहणार, आणि कुणी कधी तंबू उभारायचा म्हटलं तर तो असाच उभारणार. चूक काढायला आम्ही दोघी, आणि आम्हालाच ती सापडत नाही.

एवढ्यात एका मुलाचं लक्ष कापडाच्या कडेला गेलं. तिथे चार जाड फास हाताने शिवलेले होते. कुणातरी मुलीने मन लावून घातलेले, बारीक टाके. उभ्या तंबूवर ते नुसतेच लोंबत होते.

"आजी, हे कशाला असायचे?"

मी एका फासात बोट घालून बघितलं, मैत्रिणीने दुसऱ्यात.

"राहू दे," नात कॅमेऱ्यातून बघत त्याला म्हणाली. "आत खोचून टाक ते. फ्रेममध्ये वाईट दिसतात."