आबांचा रेझर आणि बाबांची दाढी

गेल्या रविवारची सकाळ. वणीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात मी एक जुना रेझर उघडायच्या मागे लागले होते... आणि तो काही केल्या उघडत नव्हता.

रेझर माझ्या आजोबांचा, म्हणजे आबांचा. बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी कागद शोधताना पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला सापडला. टोपी, पट्टी, दांडा... तिन्ही गंजानं आणि वाळलेल्या साबणानं पार एक झालेले.

खरं सांगू? मी तो रागारागानं घासत होते. आणि राग होता बाबांवर.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. तीस वर्षं कंडक्टरकी केली, पण दाढी न करता एक दिवस ड्युटीवर गेले नाहीत. अलीकडे त्यांचे हात थरथरतात. दोनदा गाल चांगलाच कापून घेतला आणि मग दाढी करणंच सोडलं.

आणि दाढी वाढलेल्या तोंडानं चार लोकांत जायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे विहारात जाणं बंद, जुन्या मित्रांकडे जाणं बंद. तीन आठवडे माणूस खोलीतून हलला नाही, जेवणही कमी झालं... असंच चाललं तर बाबा अंथरूण धरतील, अशी मला भीती वाटायला लागली होती.

सलूनमध्ये चला म्हटलं तर नाही म्हणजे नाही. आयुष्यात ते कधी सलूनच्या खुर्चीवर बसलेच नाहीत. केस आधी आई कापायची, ती गेल्यावर मी कापते. शेवटी गल्लीतल्या सलूनवाल्या गजूलाच मी घरी बोलावलं. बाबांनी त्याला चहा पाजला, त्याच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली... आणि तसंच परत पाठवलं!

मी काय शांत बसणारी आहे का. म्हातारपणी हे कसले हट्ट, असं तोंडावर बोलून मोकळी झाले. दोन दिवस आमचा अबोला.

तर रविवारी मी रेझर साबणाच्या गरम पाण्यात भिजवला, स्क्रूवर शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि जुन्या टूथब्रशनं घासत बसले. खरखर ऐकून बाबा बाहेर आले.

"एवढी जोरानं काहून घासून राह्यली वं? मुलामा निघून जाईन त्याचा."

दोन दिवसांनी तोंड उघडलं ते असं. मी हात हळू केला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले... आणि बोलायलाच लागले.

तेव्हा ते नऊ वर्षांचे असतील. गावात न्हावी पारावर बसायचा. गावातली पोरं तिथे केस कापायला बसलेली बघून हेही जाऊन बसले. पाळी आली तशी न्हाव्यानं कात्री पुसली, धोकटीत ठेवली आणि यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत बसला. शिवी नाही, हाकलणं नाही. आपल्या लोकांना तो हात लावत नाही, हे त्या लेकराला ठाऊकच नव्हतं. मागची पोरं हसली तेव्हा समजलं. मग ते उठले आणि घरी आले.

आबा म्हणे महिन्याभरात यवतमाळच्या बाजारातून एक कात्री आणि हा रेझर घेऊन आले. मग दर रविवारी आपल्या दारापुढच्या दगडावर बसून ते अख्ख्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची दाढी करायचे.

मी पन्नाशीला आले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी या माणसाला हट्टी म्हणाले होते... फार लाज वाटली मला.

"बाबा, मले कधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले कायले सांगाचं ते. तुझ्या भावाले मीच नेत होतो ना सलूनात. तो खुर्चीवर मस्त पाय हालवत बसे. मी बाहेर उभा राहून पाहो. बरं वाटे मले."

मी खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिले. एकदाचा सुटला. आत आबांनी लावलेलं शेवटचं ब्लेड, गंजून पापडी झालेलं... ते मी जपून फडक्यात ठेवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन ब्लेड आणलं, ते त्यात बरोब्बर बसलं.

मग बाबांनी आपणहून हनुवटी वर केली. "कर. पण सावकाश," एवढंच म्हणाले.

बाबांच्या गालाला मी लहानपणानंतर पहिल्यांदाच हात लावत होते. रडू आवरत नव्हतं, साबण कुठे आणि पाणी कुठे काही दिसेना. हनुवटीखाली थोडं कापलंसुद्धा. बाबांनी तुरटी फिरवली आणि म्हणाले, आबा तर याहून जास्त कापत.

आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते बाहेर पडले. मला वाटलं विहारात निघाले. मी चपला सरकवून मागोमाग गेले... तर बाबा थेट गजूच्या सलूनमध्ये! एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसले.

गजू गोंधळला. म्हणाला, "काका, दाढी तर करूनच आले तुम्ही. काय करू?"

"काही नको करू बापू. जराक बसू दे फक्त."

रविवारची गर्दी होती, तीन गिऱ्हाईकं थांबलेली. गजूला आमचं काहीएक माहीत नाही. तरी त्यानं काही विचारलं नाही, पंखा बाबांकडे वळवला आणि थांबलेल्यांना म्हणाला, काकांचं होऊ द्या.

बाबा चांगली पंधरा मिनिटं बसले आणि मग आपल्या मनानं उठले.

गजू, तू ही पोस्ट वाचशील की नाही, माहीत नाही. पण तू बाबांना उठवलं नाहीस... तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही रे.