कोलोझियमच्या कठड्यापाशी

रोमच्या कोलोझियममध्ये दुपारच्या उन्हात आमचा सहलीचा गट उभा होता. मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला, त्यामुळे गाइडच्या आधी मीच बोलत होते. सम्राट कुठे बसायचा, सिंह कसे सोडायचे, सगळं हातवारे करून सांगितलं. मग कठड्यापाशी उभी राहून, अंगठा खाली करून, मरणाचा हुकूम देणाऱ्या सम्राटाच्या ऐटीत फोटोही काढून घेतला. सगळे हसले.

सांगलीच्या लताताई तेवढ्या हसल्या नाहीत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या त्या परिचारिका. कठड्यावरून वाकून त्या खालच्या मैदानाकडे बघत होत्या.

"बाई, इथे लढणारी माणसं गुलामच ना हो?"

"हो, बरीचशी."

"मग जखमी झाली की त्यांना नेत कुठे? पाणी तरी कोणी पाजत असेल का?"

तीस वर्षांत हे विचारावंसं आपल्याला कधी वाटलंच नाही, याची मला लाज वाटली. या पायऱ्यांवर बसून झुंजी बघणारे काही राक्षस नव्हते. घरून खाणं बांधून आणणारी, मुलाबाळांची माणसं होती, माझ्यासारखीच.

परीक्षेत मी दरवर्षी विचारायचे, 'रोमन लोकांच्या करमणुकीची साधने लिहा.' मुलं पहिल्याच ओळीत लिहायची, 'माणसांच्या झुंजी.' मी लाल शाईने बरोबरची खूण करायचे आणि पान उलटायचे.