जावेला इंग्रजीत काय म्हणायचं?

गल्लीत त्यांना सगळे स्पेलिंगबाई म्हणत. दुकानाच्या पाटीवर एखादं अक्षर चुकलेलं दिसलं की बाई पायरी चढून आत जात आणि दुकानदाराच्या कानावर घालूनच पुढे निघत. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून लाँड्रीच्या वरच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला.

पुस्तकात विमानतळ होता, हॉटेलातलं बुकिंग होतं. बाई वाक्य म्हणायच्या, बायका मागून म्हणायच्या आणि जिना उतरेपर्यंत विसरायच्या. सगळ्यांत गप्प शिंपीणकाकू. त्यांच्या मुलानं परदेशात तिथल्याच मुलीशी लग्न केलं होतं. सुनेशी दोन शब्द बोलता यावेत, एवढ्यासाठी त्या येत. पण वर्गात तोंडाला कुलूप.

एकदा धड्यात नाती आली. बाईंनी फळ्यावर 'सिस्टर-इन-लॉ' लिहिलं. "वहिनी, नणंद, मेहुणी, जाऊ, सगळ्यांना हेच."

"असं कसं बाई?" दवाखान्यात काम करणारी आया म्हणाली. "नणंद आणि जाऊ एकाच माळेत?"

तेवढ्यात मागून शिंपीणकाकूंचा आवाज आला. "मग भांडण कुणाशी झालं ते कळायचं कसं?"

वर्ग हसून लोटपोट झाला. बाईही हसल्या. मग खडू खाली ठेवत म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. तुमची जाऊ म्हणजे कोण, ते इंग्रजीत."

काकूंनी बराच वेळ घेतला. "माय हजबंड, बिग ब्रदर, वाइफ." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "शी टॉक. आय वर्क."

त्या दिवशी पुस्तक कपाटात गेलं. मग वर्गात सासूचे टोमणे आले, नळावरची हुज्जत आली, बूड न हलवणारा पाहुणा आला, सगळं इंग्रजीत. व्याकरणाचे पार तीनतेरा वाजले. प्रत्येक चूक बाईंच्या कानात खड्यासारखी रुतायची, पण मधे टोकलं की बोलणारी गप्प होते हे पाहिल्यावर त्या जीभ चावून बसायला शिकल्या. वाक्य पुरं झालं की तेच हळूच नीट करून म्हणायच्या.

एके दिवशी काकू वर्गाला उशिरा आल्या.

"सुनेचा फोन होता," त्या म्हणाल्या. "आजवर पोरगा मधे बसून तिचं मला सांगायचा आणि माझं तिला. सगळं साखरेत घोळवून. आज ती थेट बोलली. म्हणे, हा ओला टॉवेल पलंगावर टाकतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"स्मॉल बॉय, सेम टॉवेल. हिज फादर, सेम टॉवेल."

"आणि ती?"

"हसत सुटली. मग आम्ही दोघींनी मिळून त्याला चांगला धुतला. तो शेजारीच उभा होता बिचारा."

बाईंना खुर्चीवर बसावं लागलं, इतकं हसू आलं.

पुढचा फोन सासू-सुनेनं ठरवून केला, पोरगा कामावर गेल्यावर.